एक पाटा जास्त

दुकानाच्या पाटीवर नाव थोरल्या भावाचं होतं. धाकट्याला सगळे 'कमान' म्हणत. पाठ तरुणपणीच वाकलेली आणि काम गाड्यांखाली वजन आणि दणके झेलणाऱ्या कमानपाट्यांचं, तेव्हा दुसरं नाव शोधायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. आईसुद्धा तेच म्हणे. "कमानीला हाक मार गं, जेवून घेईल," असं ती थोरल्या सुनेला सांगे आणि हा हातावरचं काळं वंगण चिंधीला पुसत मागच्या दाराने आत येई.

पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या अंगणात तुटलेल्या पाट्यांचा ढीग. लोखंडी पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा बाक द्यायचा, एकावर एक रचून आवळायचा. कमानीचं सगळं आयुष्य ह्यात गेलं. थोरला पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोले. आईचा जीव त्याच्यात होता. दुपारी ती दुकानाच्या मागच्या दारात येऊन उभी राही, तीही त्याला बघायला. तेवढ्या वेळात कमानीचा घण जरा जास्तच जोरात पडे. शेजारच्या टायरवाल्याला ते कळायचं. "आई आली वाटतं," तो आपल्या जागेवरून ओरडे. कमान मान वर करत नसे.

मग थोरल्याने पिकअप घेतली. तिच्या हौद्यात एक भलामोठा जनरेटर बोल्टांनी पक्का बसवला. गाडी फिरवायची, भाड्याने वीज द्यायची, असा बेत. पण त्या वजनाने गाडीचा मागचा भाग पार खाली बसला आणि तोंड वर झालं.

"काय शेठ, गाडी चांदण्या मोजते का?" टायरवाला म्हणाला.

थोरल्याला ते झोंबलं. त्याने कमानीला बोलावलं. "हे वजन आता कायमचं. खाली उतरणार नाही. असे पाटे घाल की मागून ताठ उभी राहिली पाहिजे."

"दादा, वरून एक मदतीचा पाटा देतो. वजन पडलं की तो टेकेल, एरवी मोकळा राहील. गाडी रिकामी असली तरी मऊ चालेल."

"एरवी मोकळा? म्हणजे तुझ्यासारखा?"

टायरवाला हसला. दारात उभी असलेली आईही हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

कमानीने जुने पाटे सोडवले, दोन जाड नवे घातले. तेवढे पुरे होते, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने आणखी एक घातला. तो कुणी मागितला नव्हता. आई अजून दारातच होती. जॅक खाली आला आणि एवढा जनरेटर पाठीवर असूनही गाडी तसूभर दबली नाही. टायरवाल्याने शीळ घातली.

"छान केलीस हो गाडी," आई म्हणाली. थोरल्याला.

पुढचं वर्ष गाडी तशी ताठ फिरली. मग जनरेटर बिघडला आणि दुरुस्तीसाठी क्रेनने उचलून खाली घेतला गेला. पहिल्यांदाच रिकामी झालेली पिकअप दारात उभी होती. त्याच दिवशी सकाळी आई मोरीत घसरून पडली.

कोपऱ्यावरचा डॉक्टर लगेच आला. त्याने पाय हलकेच चाचपला. "खुब्याचं हाड मोडलंय, पण जागचं हललेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्या. दणका बसू देऊ नका. नशीब चांगलं, ह्या पुन्हा चालतील."

कमानीने फोन लावला. अँब्युलन्सवाला तासाभरात येतो म्हणाला.

"कशाला?" थोरला म्हणाला. "दारात स्वतःची गाडी असताना आईला भाड्याच्या गाडीत घालू? बघणारे काय म्हणतील?"

"माझा मुलगा नेईल मला," आई खाटेवरून म्हणाली.

कमान गाडीच्या मागे गेला. दोन्ही हात हौद्याच्या कडेवर ठेवून त्याने सगळं अंग टाकलं. गाडी दबलीसुद्धा नाही. दगडाला रेटावं तसं झालं. तो अंगणात गेला आणि ढिगातले तुटके पाटे उचलून हौद्यात रचायला लागला. खांद्यावरून चार खेपा झाल्या, तेव्हा थोरला बाहेर आला.

"हे काय चालवलंयस?"

"दादा, रिकामी उडते ती. वजन पाहिजे तिला. हे खाली पसरतो, वर गाद्या टाकू. आईला कळणारही नाही."

"आईला भंगारावर झोपवून गावातून नेऊ?" थोरल्याने आवाज चढवला, कारण शेजारी जमले होते. त्याने एकेक पाटा उचलून खाली फेकला. "अक्कल आहे का तुला?"

"मग दोन पाटे काढून देतो. अँब्युलन्स येईपर्यंत होईल."

"उद्या जनरेटर चढायचाय. परत कधी बसवणार?"

गाद्या अंथरल्या. चौघांनी आईला उचलून ठेवलं. ती गडबड चालू असताना कमान मागच्या चाकाशी वाकला. त्याची पाठ तशीही वाकलेलीच, कुणाला काही वाटलं नाही. त्याने दोन्ही मागच्या चाकांतली निम्मी हवा सोडली. मग वर चढला आणि आईचा पाय दोन्ही हातांत, मांडीवर धरून बसला.

सुरुवातीचा रस्ता बरा गेला. मऊ पडलेल्या टायरांनी खड्डे गिळले. कमान श्वास रोखून प्रत्येक दणक्याची वाट बघत होता आणि दणका येत नव्हता. आईने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बघ कशी चालवतो. पाण्यावरून गेल्यासारखी."

"हो," कमान म्हणाला.

पेट्रोल पंपाजवळ गाडी वळली आणि थांबली. थोरला उतरून मागे आला. "केव्हाची डुलतेय. टायर बसलेत मागचे."

"मी सोडली हवा. राहू दे दादा, हळू चल. आता थोडंच राहिलंय."

"तू सोडलीस?" थोरला त्याच्याकडे बघत राहिला. "टायर फाटला मधेच तर आईला काय पाठीवर घेऊन जाणार? ह्या पाठीवर?" हवा भरणारा माणूस फिस्सकन हसला. थोरल्याने त्याला सांगितलं, "भर. पुरी भर."

कमान खाली उतरू शकत नव्हता. पाय त्याच्या हातात होता. नळीचा फुसफुस आवाज त्याने एका बाजूने ऐकला, मग दुसऱ्या बाजूने.

पंपापुढे सिमेंटच्या गोदामांचा रस्ता होता, अवजड गाड्यांनी उखडलेला. पहिल्याच खड्ड्यात हौदा खालून लाथ बसल्यासारखा वर उडाला. आई ओरडली. कमानीने पाय छातीशी कवटाळला, पण तो स्वतःही उडत होता. "दादा! दादा, हळू!" मधल्या काचेवर त्याने डोकं आपटून हाक मारली, कारण हात सोडायची सोय नव्हती. थोरला घाबरला होता आणि घाबरल्यामुळे जोरात चालवत होता. तिसऱ्या की चौथ्या दणक्याला कमानीच्या हातात काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही. लोखंड तुटताना हाताला आधी कळतं, तसं त्याला कळलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला. "हाडाचे तुकडे पार सरकलेत. वाटेत पुन्हा पडल्या का?"

"नाही," थोरला म्हणाला.

"मग एवढा मार कशाचा?"

"गाडीचा," कमान म्हणाला. "गाडी कडक होती."

थोरल्याने एकदा आईकडे बघितलं. ती जागी होती. "पाटे ह्यानेच घातलेत," तो म्हणाला. "दोन पुरे होते. ह्याने तीन घातले."

थोरल्याने तेव्हा मोजले होते तर. कमानीने तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, भंगार, हवा, अँब्युलन्स. पण तिसरा पाटा खरा होता. त्याने तोंड मिटलं.

ऑपरेशन झालं. पाय राहिला, चालणं गेलं. आईची खाट आता दुकानामागच्या खोलीत आहे. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, भांडं देणं कमान करतो. "तुझे हात लोखंडाचे आहेत," ती कण्हते, "त्याला बोलाव." थोरला दारातून डोकावून जातो आणि तेवढ्याने तिचा दिवस बरा जातो. भेटायला येणाऱ्यांना ती सांगते, "थोरल्याने स्वतःच्या गाडीतून नेलं हो मला. गाडीत ह्याने काय करून ठेवलं होतं देव जाणे." कमान चहाचे कप उचलतो.

तपासणीचा दिवस आला. थोरला म्हणाला होता की जनरेटर उतरवून सकाळीच गाडी आणतो. आईने केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं नेसवून घेतलं. पिकअप जनरेटर घेऊन पहाटेच भाड्यावर गेली होती. कमानीने न विचारता अँब्युलन्स बोलावली. ती येऊन दारात उभी राहिली.

"मी नाही जायची ह्यात," आई म्हणाली. "तो येईल."

"आई, आजची वेळ गेली तर पुढच्या महिन्यावर जाईल."

"तुला कसली घाई रे एवढी? अजून काय मोडायचं राहिलंय माझं?"

तो उंबऱ्यात उभा राहिला. आई त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय मग, उचलायचं का?"

"नाही," कमान म्हणाला. "तू जा."