मेलेल्या सरदाराचा फेटा

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी बरीच वर्षं एक किस्सा सांगत असे. मुळशीतल्या एका गावात जत्रेचं नाटक चालू असताना मेलेलं पात्र फेटा बांधून घ्यायला उठून उभं राहिलं. लोक हसत, चहा संपे, काम पुन्हा सुरू होई. किस्सा खरा होता, पण अर्धा होता. अर्धी बातमी देणं आमच्या धंद्यात कमीपणाचं मानतात. मी ती वर्षानुवर्षं दिली. आता हसवण्याचाही कंटाळा आला आहे, म्हणून उरलेलं लिहून ठेवतो.

साठ सालाच्या आगेमागे दोन वर्षं मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. पौडपर्यंत एसटी, पुढे चालत. जत्रा चैत्रात. आदल्या दिवशी नाटक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी, असा क्रम होता. नाटकाच्या जुन्या वहीला वाळवी लागली होती, त्यामुळे नवीन नाटक मास्तरांनी द्यावं असं ठरलं. अटी दोनच होत्या. लढाई हवी आणि बायकांची कामं नकोत. आदल्या वर्षी राणीच्या कामासाठी ज्याने मिशी काढली होती, त्याला गाव वर्षभर ‘वैनी’ म्हणत होतं. आता कुणी मिशीला हात लावू देत नव्हतं.

कॉलेजात वाचलेलं एक इंग्रजी ऐतिहासिक नाटक मला आठवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. राजाने स्वतः बंड करून गादी मिळवलेली असते आणि आता त्याच्याविरुद्ध बंड उठतं. युवराज गुत्त्यात पडून असतो, सोबतीला एक लठ्ठ, थापाडा शिपाईगडी. बंडखोरांचा तरुण सरदार मात्र शूर, अब्रूला जपणारा. आपला मुलगा असा असायला हवा होता, असं राजाला वाटत राहतं. शेवटी रणात युवराजच त्या सरदाराला मारतो आणि मारल्याचं श्रेय तो थापाड्या घेतो. युवराज ते घेऊ देतो. मी हे सगळं मराठीत उतरवून मावळातल्या एका बिननावाच्या गडावर नेऊन ठेवलं. बायकांची कामं होती ती गाळली.

राजाचं काम पाटलांचं, हे न विचारता ठरलेलं होतं. पाटील साठीच्या घरातले. तरुणपणी धरणाच्या कामाला आडवे होऊन तुरुंगात गेलेले. धरण झालंच. जमीन पाण्याखाली गेली, गाव वर सरकलं. पहिल्या तालमीला ते मला म्हणाले, “मास्तर, बंडवाल्याचं काम मीच केलं आस्तं. पन त्याला गुडघं लागत्यात.”

सरदाराचं काम त्यांच्या पुतण्याकडे गेलं. बाप लहानपणी गेलेला, चुलत्याच्या घरात वाढलेला, भातखाचरं सांभाळणारा मुलगा. युवराज म्हणजे पाटलांचा स्वतःचा मुलगा. पंचविशीचा, पौडला पत्ते खेळायला गेला की चार-चार दिवस न येणारा. त्याचं नाव पाटलांनीच सुचवलं. कारणही त्यांनी मला सांगितलं. त्या वर्षी त्यांना पालखी उचलणं जमणार नव्हतं. पालखीच्या पुढच्या दांडीला पहिला खांदा त्यांच्या घरचा. एकदा तो ज्याला दिला, त्याच्याकडे तो मरेपर्यंत राहतो. घराचा शब्दही मग त्याचाच चालतो.

“पोरगं तालमीला नीट आलं, नाटकाला उभं ऱ्हायलं, तर पालखीला बी उभं ऱ्हाईल,” ते म्हणाले. “तसं झालं तर खांदा त्याचा. न्हाईतर पुतण्याचा. हे तुमच्यापाशीच ठिवा.”

मी माझ्यापाशी ठेवलं. मुलाला मात्र ते कळलेलं होतं. घरातल्या गोष्टी घरात कळतात.

दीड महिना तालीम चालली, चावडीत, दिवेलागणीपर्यंत. तो एक दिवसही चुकला नाही. पाठांतर सगळ्यात चोख त्याचं. पाटलांना स्वतःची भाषणं आठवत नसत, मला मागून एकेक शब्द पुरवावा लागे. फक्त एक वाक्य ते कधी विसरले नाहीत. ‘देवानं मला चुकीचा मुलगा दिला, तो बंडखोर माझ्या घरी जन्माला यायला हवा होता.’ हे वाक्य ते पुतण्याकडे बघून बोलत. त्या वेळी चावडीत कुणी खोकतही नसे.

चौथ्या-पाचव्या तालमीनंतर पाटलांचा मुलगा शाळेत आला. मी हजेरी लिहीत होतो.

“मास्तर, आबांचं तेवढं एक वाक्य काढा की.”

“नाटक त्याच्यावर उभं आहे,” मी म्हणालो. “ते ऐकूनच युवराज सुधारतो.”

“मी आलोय न्हवं रोज? आजून किती सुदरू?”

मी हसलो. तोही हसला. मी वाक्य काढलं नाही. मूळ लेखकाशी प्रामाणिक राहावं असं मला त्या वयात वाटे. पुढे संपादकीय टेबलावर मी माणसांची हजारो वाक्यं कापली, कुणी न विनवता, जागा नव्हती म्हणून. ते एक कापलं नाही.

नाटक दर वर्षी रात्री होई. त्या वर्षी खालच्या खोऱ्यातल्या दोन गावांच्या जत्रा त्याच दिवशी आल्या आणि भाड्याच्या सगळ्या गॅसबत्त्या तिकडे गेल्या. आमचं नाटक दुपारी तीनला देवळापुढे लागलं. मांडवाच्या फटींतून ऊन येत होतं. रात्री नटाला बघ्यांची तोंडं दिसत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत होती. मी विंगेत घामाने निथळत वही धरून उभा होतो.

पाटलांनी ते वाक्य म्हटलं. पुढच्या रांगेतल्या लोकांनी आधी पुतण्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा मान खाली घालून उभा होता. तसंच उभं राहायचं होतं.

त्याने काम चांगलं केलं. आणखी काही म्हणण्याची गरज नाही. लढाईच्या प्रवेशात दोघा भावांनी सुताराने केलेल्या तलवारी अशा चालवल्या की एकीचं पातं मोडलं. सरदार पडला. युवराजाने त्याच्या छातीवर स्वतःचा शेला पसरला. पाटील माझ्या शेजारी उभे होते. ते पुटपुटले, “ऱ्हायलं उभं.” त्या क्षणी खांदा मुलाला मिळालेला होता. हे तिघांनाच माहीत होतं, त्यांना, मला आणि मुलाला.

तेवढ्यात मांडवातून फेटा आला.

त्या गावची रीत अशी की ज्याचं काम आवडलं त्याला बघ्यांनी तिथल्या तिथे फेटा पाठवायचा. नाटक थांबतं. फेटा उभ्यानेच घ्यायचा आणि गावच्या पाटलाने तो बांधायचा. नंतर घेतो म्हटलं तर पाठवणाऱ्याचा अपमान होतो. खालच्या आळीने तो पाठवला होता, मेलेल्या सरदारासाठी.

पुतण्या उठला नाही. डोळे मिटून पडून राहिला. बघे ओरडू लागले.

“ऊठ की रं! खरंच मेलास व्हय?”

“फेटा बांधा, मग पुन्यांदा मारा त्याला!”

लठ्ठ शिपायाचं काम करणारा दुकानदार पोटाला बांधलेली उशी सावरत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, मला बांधा. शेवटी मीच मारलंय आसं म्हणनार हाय.” सगळा मांडव हसला.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. वहीत यासाठी काही लिहिलेलं नव्हतं. ते राजाच्या पोशाखातच रंगमंचावर गेले आणि फेटा हातात घेऊन उभे राहिले. शेवटी मुलगा वाकला, भावाचा हात धरून म्हणाला, “ऊठ. आबा थांबल्यात.”

पुतण्या उठला. पाटलांनी फेटा बांधला. रीत म्हणून बांधला, हे मी खात्रीने सांगू शकतो. पण देवळापुढे, पालखीच्या आदल्या दिवशी, राजाच्या वेषात, मुलगा बाजूला उभा असताना पाटलांनी पुतण्याच्या डोक्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधला होता. तासाभरापूर्वीचं वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पहिला खांदा कुणाचा, हे गावाला कळलं. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने देवाच्या नावाचा पुकारा केला आणि सगळ्यांनी तो उचलला. पुतण्या पुन्हा मेला आणि नाटक पुढे सरकलं.

पडदा पडल्यावर पाटील मला म्हणाले, “मास्तर, ह्ये आसं न्हवतं ठरलं.”

“गावाला सांगा मग,” मी म्हणालो.

“काय सांगू? बांधल्याला फेटा सोडू?”

गावापुढे झालेली गोष्ट मागे घेणं त्यांच्या अब्रूत बसत नव्हतं. ते अंगरखा न उतरवताच घरी गेले.

सकाळी पालखी निघाली तेव्हा लोकांनी पुढच्या दांडीची उजवी बाजू मोकळी ठेवली होती. पुतण्या तिथे जाईना.

“दादा, तू ये. तुझं हाय ते.”

“फेटा तुला बांधलाय,” मुलगा म्हणाला. “चल, लोक उन्हात उभं हायेत.”

पुतण्याने पाटलांकडे पाहिलं. पाटील देवाकडे बघत होते. मग त्याने खांदा दिला. मुलगा मागे गेला आणि मागच्या दांडीखाली डावीकडे शिरला. तिथे मान नसतो, नुसतं वजन असतं; चढावर सगळा भार मागच्यांवर येतो. आठ दिवसांनी तो पिंपरीला कारखान्यात लागला आणि पुन्हा जत्रेला आला नाही. हे मला नंतर कळलं.

खांदा सोडलेल्या पाटलाने पालखीपुढे चालायचं असतं. त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर ते थांबले, पालखी पुढे जाऊ दिली आणि मागच्या डाव्या दांडीशेजारून चालू लागले. पालखीपुढची त्यांची जागा रिकामी राहिली. ओढ्यापर्यंत जाऊन पालखी परत आली, पाटील सगळा वेळ तिथेच होते. चढावर त्यांनी एकदा दांडीखाली हात लावला. मुलाने तो तसाच राहू दिला.