पळसाच्या पानावरची हळद

माझं माहेर कशेळीचं, अगदी खाडीच्या काठावरचं. सासर भिवंडीजवळच्या वळ गावात. लग्न होऊन आले तेव्हा या दोन गावांच्या मधे भाताची शेतं होती; आता गोदामं आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. माझा धाकटा भाऊ अशाच एका गोदामात सुपरवायझर आहे, पण रविवारी सकाळी अजून पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून खाडीवर उतरतो. वडील उतरायचे तसाच.

चार-पाच वर्षांपूर्वी एकदा माहेरी गेले होते तेव्हा म्हटलं, मीही येते. लहानपणी वडिलांच्या मागून टोपली घेऊन जायचे. बोय, कोळंबी, कधी चिंबोऱ्या. आई त्यातला वाटा केळीच्या पानात गुंडाळून शेजाऱ्यांकडे पाठवायची आणि ते पोचवायचं काम माझं. पानातून पाणी गळून माझा परकर ओला व्हायचा, त्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत जायचा नाही.

त्या दिवशी भावानं पाग टाकला आणि ओढताना म्हणाला, "ताई, जड लागतंय. जिताडा हाय बहुतेक."

आम्ही दोघांनी मिळून ओढला. वर आला तो चिखल, पिशव्यांचा गुंता आणि चंदेरी ताटं. कागदावर चकचकीत मुलामा दिलेली, लग्नाकार्यात असतात ती. भावानं एकेक ताट पागातून सोडवून काठावर ठेवलं. कितीतरी निघाली. शेवटी हसून म्हणाला, "बग गो, कुनाच्या तरी हलदीचं जेवान. खाडीला पन आवतान होतं वाटतं."

मला हसू आलं नाही. ती ताटं आमच्या घरच्या कार्यातल्यासारखीच होती, कडेच्या नक्षीसकट.

घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून हात धुऊन कामाला लागले. आधी कचरा. ओला वेगळा, सुका वेगळा. ओल्या कचऱ्याचं खत करायचं म्हणून गच्चीवर एक जुना ड्रम ठेवला. आठवड्याभरात त्यात अळ्या झाल्या आणि वास थेट जिन्यापर्यंत. हे म्हणाले, "आता पाहुण्यांना गच्चीवर न्यायची सोय राहिली नाही." शेवटी सासूबाई गुडघे धरत वर आल्या, आत डोकावल्या, म्हणाल्या, "निस्तं पानी झालंय ह्याचं. सुकी पानं टाक, माती टाक. उकिरडा कदी बगितला न्हाईस काय?" खरंच, उकिरडा विसरले होते मी. माहेरी परसात होता, पावसाआधी भाऊ आणि मी त्यातलं खत टोपल्यांनी शेतात टाकायचो. ड्रम सुधारला. पुढच्या वर्षी त्याच खतावर गच्चीत दुधी आला.

भिवंडीच्या बाजारात मासळी घ्यायला स्टीलचा डबा घेऊन गेले तेव्हा नेहमीच्या मासळीवालीनं विचारलं, "काय गो, हितंच जेवाला बसतेस काय?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी डबा पुढं धरूनच उभी राहिले. काही महिन्यांनी तीच मला लांबून पाहून ओरडायला लागली, "आली बग डबेवाली!"

सगळंच काही जमलं नाही. शिकेकाई एकदा यांच्या डोळ्यांत गेली, त्यानंतर यांनी न्हाणीघरात तिला जागा दिली नाही. भांड्यांना राख लावायची म्हटलं तर चूल कुठं होती घरात? सासूबाई या सगळ्याकडे कौतुकानं कमी आणि नवलानं जास्त बघायच्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्या टायमाला घरात कचरा नावाची चीजच न्हवती. काय टाकनार? राख भांड्यांना, कोंडा कोंबड्यांना, शेन भुईला. फाटलं ते गोधडीत." एवढं बोलून त्यांनी मेथीच्या काड्या माझ्याकडं सरकवल्या, ड्रमात टाकायला.

मग मुलीचं लग्न ठरलं. ती ठाण्याला नोकरी करते. तारीख निघाली वैशाखातली. आमच्यात हळदीला लग्नापेक्षा जास्त माणूस येतं. अख्खं गाव, सोयरे, भावकी, सगळ्यांचं जेवण. एका संध्याकाळी चहा पिताना मुलगी सहज म्हणाली, "आई, माझ्या हळदीला ती चंदेरी ताटं नकोत. पाण्याच्या बाटल्या पण नकोत. मामानं मला सगळं सांगितलंय."

यांचा कप बशीत आपटला. "मग काय हातावर वाढायचं?"

"पत्रावळी."

"पत्रावळीवर मटणाचा रस्सा? वाहत जाईल तो ओटीत! लोक काय म्हणतील? एकुलत्या पोरीच्या हळदीला ताट मिळालं नाही?"

हे तसे वाईट नाहीत. पण आपल्या दारात आलेल्या माणसाचा मान राहिला पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्यभर पक्की माहीत होती. मुलगीही त्यांचीच, मागं हटेना. मी कुणाची बाजू घ्यावी या विचारात असताना सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "पलसाची पानं आना. मी बसते लावाला."

बाजारात रानाकडच्या बायका पूजेची पानं-फुलं घेऊन बसतात. त्यांना सांगून ठेवलं. वैशाखात पळसाला नवी पानं मोठी झालेली असतात, ताटाएवढी रुंद. हळदीच्या आधी काही दिवस टेम्पोतून पानांचे भारे आले, बुरुडाकडून बांबूच्या बारीक चोया आणल्या. प्रश्न होता बसायचा. अंगणात मांडवाचं काम चाललं होतं. आमच्या शेतावर जे गोदाम आहे ते तेव्हा रिकामं होतं. जुना भाडेकरू गेलेला, नवा यायचा होता. माल उतरवायच्या ओट्यावर वर पत्रा, समोरून वारा. तिथं आम्ही गोणपाट अंथरले.

सासूबाई गोदामात शिरल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. गोदाम झाल्यापासून त्या तिकडं फिरकल्याच नव्हत्या. इकडंतिकडं बघत त्यांनी अंदाज घेतला. मग पायानं फरशीवर गोल दाखवून म्हणाल्या, "हितं खलं होतं. बरोबर हितं. त्या दरवाजात भाताच्या भाऱ्यांची उडवी." त्यांनी बसायलाही तीच जागा घेतली.

पहिल्या दिवशी आम्ही दोघीच. पान उजव्या अंगानं वर घ्यायचं, देठ आत दुमडायचं, चोय अशी खुपसायची की बोटाला लागू नये. माझी पहिली पत्रावळ उचलताच सुटली. सासूबाई म्हणाल्या, "ही कुत्र्याला वाढ." दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी बघायला म्हणून आल्या आणि बसल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. घरं वेगळी झाल्यापासून आमच्यात भिंत होती ती विटांचीच होती, भांडण असं काही नव्हतं; पण गरजेपुरतं बोलणं एवढंच उरलं होतं. त्या आपला पाट घेऊन आल्या, माझ्या शेजारी ठेवला आणि पानं पुढं ओढली. हात असा चालायला लागला की आम्ही बघतच राहिलो.

"तुज्या लग्नाच्या पत्रावली मीच लावल्या व्हत्या," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या. "तवा म्हाईत न्हवतं, तू येवडी बोलकी निगशील ते."

त्या दुपारी ओटा भरला. ज्या बायका एरवी आपापल्या घरात दार लावून टीव्हीसमोर असतात, त्या डबे घेऊन यायला लागल्या. कुणी कैरीचं लोणचं आणलं, कुणी सुकटीची चटणी. लावणीच्या वेळी बांधावर बसून जेवायचो तशा जेवलो. कुणाची शेताची मेर कुठं होती, कुणाची म्हैस कुणाच्या भातात शिरली, कोण कुणाच्या पाठीवर चिखल फेकून पळालं होतं, सगळं निघालं. फरशीकडं बोट दाखवून त्या भांडत होत्या, तुझं शेत इकडं, माझं तिकडं. गोदामाचा वॉचमन बिहारकडचा, अबोल माणूस. दोन दिवस लांबून बघत होता. मग एका दुपारी जवळ येऊन म्हणाला, "भाभी, हम भी बनाएँ? गाँव में अम्मा बनाती थी." त्याला पानं दिली. तो खुर्ची सोडून खाली बसला आणि ड्युटी संपेपर्यंत द्रोण करत राहिला. त्याचं लग्न कसं झालं, आंब्याच्या बागेत पंगत कशी बसली होती, हे त्यानं आम्हाला हिंदीत सांगितलं आणि सासूबाईंनी त्याला आगरीत प्रश्न विचारले. दोघांचं व्यवस्थित जमलं.

तयार पत्रावळींच्या चवडी करून त्यांवर दगड ठेवले. मांडववाल्याकडून स्टीलचे पेले आणले, गावातल्या मंडळाकडून पाण्याची मोठी पिंपं. पेले कोण धुणार, हा वाद शेवटपर्यंत मिटला नव्हता.

हळदीच्या संध्याकाळी मुलगी पिवळीधमक होऊन पाटावर बसली होती, बाहेर वाजंत्री, आणि माझं लक्ष सारखं गोदामाकडं. पंगत तिथंच होती. एरवी सगळे बुफेला रांग लावतात. त्या दिवशी पट्ट्या अंथरून खाली बसायचं होतं. लोक दारात थबकले. यांचे एक मामेभाऊ पांढरी पँट सावरत म्हणाले, "टेबल नाही काय?" तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या आणि गुडघे दुखत असूनही पहिल्या पंगतीत मांडी घालून बसल्या. त्यांच्या शेजारी त्यांच्या वयाच्या साऱ्या जणी बसल्या. मग तरुणांना उभं राहणं कठीण झालं.

भाकरी, द्रोणात रस्सा, भात. गरम भात पानावर पडला की जो वास येतो, तो मी विसरूनच गेले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पत्रावळ हातात घेऊन हुंगली आणि परत खाली ठेवली. मामेभावांच्या द्रोणाची चोय सुटली आणि रस्सा पांढऱ्या पँटवर गेला. हे माझ्याकडं बघत होते. मी दुसरीकडं बघितलं. मामेभाऊ मात्र स्वतःच मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आता दुसरा द्रोण द्या, पँट तर गेलीच."

पण माणसं आमच्या अंदाजापेक्षा जास्त आली. शेवटच्या पंगतींना पत्रावळी संपल्या. हे बाहेर गेले आणि गाडीच्या डिकीतून चंदेरी ताटांचे गठ्ठे काढून आणले. आधीच आणून ठेवले होते.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर आणू दिली असतीस? लोकांना उपाशी उठवू का?"

डोळे भरून आले, ते लोकांना हळदीमुळं वाटलं असेल. ताटं वाढली गेली. सगळे पोटभर जेवले. अगदी शेवटी वाढपी आणि घरचे बसले तेव्हा पाहिलं तर हे कोपऱ्यात शिल्लक पडलेल्या फाटक्या पत्रावळी शोधत होते. दोन एकावर एक ठेवून त्यांनी स्वतःचं पान केलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "वहिनी, वाढा."

पेले माझ्या भावानं आणि मुलीच्या ऑफिसातल्या मित्रमंडळींनी धुतले, पाण्यात निम्मे भिजून. सकाळी खरकट्या पत्रावळी माडांच्या बुंध्याशी खड्ड्यात गेल्या. चंदेरी ताटांची पोती घंटागाडीत गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते.

त्यानंतर गावात दोन-तीन घरांनी पत्रावळी केल्या, बाकीच्यांनी नाही केल्या. गोदामात नवा भाडेकरू आला आणि खळ्याच्या जागेवर खोकी रचली गेली. पुढच्या थंडीत सासूबाई गेल्या, झोपेतच. जाऊबाई आणि मी आता दुपारचा चहा एकत्र घेतो.

यंदा मुलगी बाळंतपणाला आली आहे. परवा म्हणाली, "आई, डायपर कमीत कमी वापरायचं ठरवलंय. मऊ सुती कापड आहे का?"

मी कपाट उघडलं. सासूबाईंची लुगडी मी कुणाला देऊ शकले नव्हते. त्यातलं एक हिरवं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, बाहेर काढलं. मुलीनं ते गालाला लावलं. मी कात्री घेतली, पण हात पुढं जाईना.

"काप ना," ती म्हणाली. "आजी एव्हाना ओरडली असती तुला."

मी कापलं. जाऊबाई भिंतीपलीकडून शिलाईचं मशीन घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत लंगोट आणि दुपट्यांचा ढीग झाला, गच्चीवर दोरीवर वाळत घातला. काठ तेवढे बाजूला ठेवलेत. त्यांचं काय करायचं, ते अजून आम्हा तिघींचं ठरत नाही.