म्हसवडच्या गिरणीतला समुद्र

रत्नागिरीचा उपसागर साऱ्या जगात सर्वांत चांगला कोणाला ठाऊक असेल, तर तो माझ्या मावशीच्या यजमानांना. आणि त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. पाणी कसे असते ते उन्हाळ्यात आठवूनच समजून घ्यावे, अशा आमच्या म्हसवडला या काकांची पिठाची गिरणी होती. कोकणातून मीठ नि सुके मासे घेऊन कोणी घाट चढून आला, की काका त्याला चहाला बसवत आणि त्याच्याजवळचा सगळा समुद्र काढून घेतल्याशिवाय उठू देत नसत. मग दळणाला आलेल्या बायांसमोर डब्याच्या झाकणावर पिठाची रत्नागिरी उभी राही. घोड्याच्या नालासारखा किल्ला, एका अंगाला बाजरीच्या पिठाची काळी वाळू, दुसऱ्या अंगाला जोंधळ्याच्या पिठाची पांढरी वाळू. कोणाचे पीठ कोणाच्या किनाऱ्याला लागले यावरून बायांची भांडणे होत. काकांचे लक्ष मात्र दक्षिणेच्या वाऱ्यापासून गलबते कशी वाचतात तिकडे असे.

सकाळी पंचांग उघडून ते तिथीच्या आकड्याची पाऊणपट करत. तेवढे वाजले की रत्नागिरीला भरती. ती लागल्याशिवाय गिरणीचा पट्टा चढत नसे. आमच्या भाकरीचे काय, असे बाया विचारत, तर पाणी चढू द्या, एवढेच उत्तर मिळे. मी शाळेत असताना याच गिरणीत राहून जेवलो आणि शिकलो. भूगोलात मी कधी मागे पडलो नाही, त्याचे श्रेय त्या झाकणाला आहे.

काकांचा एकच विरोधक होता, शेजारच्या तालमीतला पैलवान. तो रोज गिरणीत बसून हुज्जत घाली. “दिसातनं दोनदा पाणी जातंय आन् परत येतंय? आवं काका, आमची माणगंगा गेली की पुढल्या पावसापत्तूर तोंड दावत न्हाई.”

सेहेचाळीस साली मी सांगलीहून बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिलाच. रत्नागिरीच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा मला पोचवायला काका निघाले आणि त्यांच्या मागे पैलवानही निघाला. मोटारीपाशी चार माणसांत त्याने अट घातली, की काकांचे खोटे ठरले तर गिरणीत पुन्हा समुद्राचे नाव काढायचे नाही. काका चालंल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिऱ्या बंदरावर गेलो. पाणी लांब गेले होते. होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. मला वाटले, पैलवान आता खदखदून हसणार. पण त्याने काकांच्या खांद्यावर हळूच हात ठेवला. आमच्याकडे कोणाची विहीर आटली की ठेवतात तसा.

“तुमचीबी आटली की वो,” तो म्हणाला. “चला. दुष्काळ समदीकडं सारखाच.”

काकांचा चेहरा उतरला. बोटांवर त्यांनी काहीतरी मोजले. “आज चतुर्थी,” ते म्हणाले. “तीनपत्तूर भरंल. बस हितंच.”

आम्ही बसलो. पैलवान पटका उशाला घेऊन, पाय समुद्राकडे करून झोपला. काका डोळ्याची पापणी लवू न देता चिखलाकडे पाहत होते. दुपारी एकेक होडी हलली, सरळ झाली, आणि पाणी आपल्या घरी यावे तसे आले. पैलवान ओरडत उठला तेव्हा तो घोट्यापर्यंत भिजला होता. काका त्याच्याकडे न पाहता धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरले. “आलं रं,” ते पुटपुटले. त्यांनाही धाकधूक होती, हे मला तेव्हा कळले. मग मात्र त्यांनी आम्हांला किल्ल्याच्या डोंगराच्या अलीकडे पलीकडे असे फिरवले, की जणू उपसागर त्यांनीच बांधून घेतला होता. पैलवानाने दोन्ही वाळू तळहातावर चोळून पाहिल्या आणि मुकाट्याने मान डोलावली.

म्हसवडला जाऊन ही हकिगत त्याने काकांपेक्षा मोठ्या आवाजात सांगितली. गावाने ती मानली. दिवाळीच्या सुटीत मी गेलो, तर गिरणी भरतीची वाट न पाहता दिवसभर चालू होती. काकांनी भरतीची वेळ सांगितली, की बाया व्हय व्हय म्हणून पीठ घेऊन जात. कोणी काही विचारत नव्हते. संध्याकाळी काका पैलवानाशेजारी पोत्यावर येऊन बसले.

“येकदा तरी खोटं म्हण की रं, गड्या,” ते म्हणाले.

पैलवानाने आपल्या पायांकडे पाहिले.

“कसं म्हणू काका? माजंच पाय भिजल्यात.”