द्राक्षांसाठी घडवलेल्या कमानी

एकाहत्तरची लढाई संपून तीनेक वर्षं झाली होती. माझे मालक पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आले आणि शेतात रमतील असं आम्हां सगळ्यांना वाटलं. फौजेत ते गाडी चालवायचे. रोज सकाळी उसाला पाणी द्यायला जायचे खरे, पण रस्त्यावरून ट्रक गेला की खोरं तसंच हातात धरून आवाज ऐकत उभे राहायचे. शेवटी एके दिवशी ते पुण्याकडं गेले आणि लष्कराच्या लिलावातली एक जुनी पिकअप गाडी घेऊन आले. पुढं दोघातिघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा, त्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी कमट्या. हिरवा रंग जागोजागी उडालेला. रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं ती गाडी आली तेव्हा माणसं नुसती हात लावून बघून गेली.

त्याच सुमाराला माझ्या वन्संच्या द्राक्षबागेला पहिलं पीक आलं होतं. वन्सं तासगावजवळ दिलेल्या. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही, विहिरीवरची थोडी जमीन. दुष्काळातून उठल्यावर त्यांनी ज्वारीच्या रानात द्राक्षाच्या काड्या लावल्या. शेजारची माणसं म्हणायची, बाई खुळी झाली. त्या कुणाला उत्तर द्यायच्या नाहीत. छाटणी कशी करायची ते एका मोठ्या बागायतदाराच्या मळ्यात मजुरीला जाऊन शिकून आल्या. आता घड लगडले होते, पण मुंबईचे व्यापारी आपले ट्रक घेऊन मोठ्या बागांनाच यायचे. एवढ्याशा बागेसाठी कोण वाकडी वाट करणार?

मालक म्हणाले, "आक्का, गाडी कशासाठी घेतलीय? पुण्याच्या मंडईत मी पोचिवतो माल."

पहिल्या खेपेला मी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते. विटा, पुसेसावळी, रहिमतपूर करत सातारा, मग खंबाटकीचा घाट चढून खंडाळा आणि पुढं पुणं. विट्यापासून इकडचा बराचसा रस्ता दुष्काळी कामातनं झालेला. माणसांनी फोडून अंथरलेली खडी, वर डांबर नाही. आमचे दात वाजत होते. मालक मात्र खुशीत होते. "बघ, कसल्या कमानी हायत. तोफगोळं वाहिल्यात हिनं. जरासुदिक वाकत न्हाईत."

गाडीच्या चाकावर पोलादी पाट्यांची थप्पी असते, एकावर एक, खालचा आखूड, वरचा लांब. तिला कमान म्हणतात. आमच्या गाडीच्या मागच्या कमानी हाताच्या वितीएवढ्या जाड होत्या.

मंडईत अडत्यानं पहिली पेटी उघडली. गवताच्या थरावरचा एक घड देठाला धरून वर उचलला आणि त्याच्या हातात नुसता देठ आला. मणी सगळे खाली. दुसऱ्या पेटीत तेच, तिसरीत तेच. तो रागावला नाही; देठ तेवढा मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात घातला.

वन्संनी तो वाळका देठ बघितला. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी विचारलं, "माझ्या घडाला कायतरी कमी पडलं का रं?"

"तुझ्या घडाला न्हाई आक्का. रस्ता वाईट हाय."

मालकांचं म्हणणं असं पडलं की कमानीत आणखी दोन पाटे घालायचे, म्हणजे गाडी खड्ड्यात दबणार नाही. मला ते पटेना. का पटेना ते सांगता येत नव्हतं. मी म्हणाले, "आवं, पुढल्या वक्ताला मी मागं बसती. पेट्यांबरूबर."

"मागं? लोकं काय म्हणतील? बायकूला हौद्यात घालून चाललाय म्हणतील."

"म्हणू द्या. तुमाला गाडी सोडून मागं बसता येत न्हाई. मग मागं काय हुतंय ते कळायचं कसं?"

वन्सं मध्ये पडल्या. "बसू दे तिला. बघू तरी."

बागेतल्या चारपाच पेट्या घेऊन आम्ही तासगाव ते विटा नुसता फेरफटका मारला. मी पोत्यावर बसले आणि ताडपत्रीच्या कमटीला सुतळीनं एक घड टांगला. मनात धरलं होतं की मोठा खड्डा आला की मणी पडतील. खड्डा आला, मी उडाले, कंबर शेकून निघाली, घड झोक्यासारखा हलला, पण एक मणी पडला नाही. मग बारीक खडीचा तुकडा लागला. तिथं खड्डा नव्हता, धक्का नव्हता, नुसती थरथर. ती माझ्या हाडांत शिरली. घडाकडं बघितलं, तर प्रत्येक मणी आपल्या जागी थरथरत होता, आणि बघता बघता एकेक सुटून माझ्या ओच्यात पडायला लागला. मी ते मूठभर मणी घेऊन खाली उतरले.

"खड्डा न्हाई पाडत," मी म्हणाले. "खडी पाडतीय. गाडी बारीक बारीक थरथरतीय त्यानं."

मालक पेट्या उतरवता उतरवता थांबले. माझ्या ओच्यातले मणी बघितले, मग गाडीखाली वाकून बराच वेळ कमानी न्याहाळल्या. "तोफगोळ्याच्या वजनाला बनिवल्यात त्या," ते हळू म्हणाले. "द्राक्षाचं वजन तेन्ला कळतच न्हाई."

सांगलीत मिरज रस्त्याला कमानी करणारे एक चाचा होते. पत्र्याची शेड, मागं घर, दारात भंगारातल्या पाट्यांचे ढीग. एसटीच्या, उसाच्या ट्रकांच्या, बागायतदारांच्या जीपांच्या कमानी त्यांच्याकडं यायच्या. मालकांनी सगळी हकिगत सांगितली. चाचांनी दाढी खाजवली.

"फौजी, माज्याकडं माणसं येत्यात ती एकच सांगत्यात. कमान घट्ट करा, वजन जास्ती घालायचंय. मऊ करा म्हणणारा पैला तूच."

मग त्यांनी काय काय करता येईल ते सांगितलं. मधले पाटे काढून टाकायचे, हे सगळ्यांत सोपं. नाहीतर पाट्यांखाली रबराचे ठोकळे घालायचे. नाहीतर सगळ्या कमानीच नव्या करायच्या, लांब आणि पातळ. पण त्याला आठवडा लागणार. इकडं घड पिकत होते. मालकांनी सोपी वाट धरली. चाचांनीही मान डोलावली. तीन पाटे काढले, गाडी पुन्हा जोडली, मागं वजनाला पेट्या ठेवल्या, आणि आम्ही तिघं फेरी मारायला निघालो. मी मागं, ते दोघं पुढं.

पहिले काही मैल मला वाटलं, जमलं. थरथर खरंच कमी झाली होती. मग गाडी येरळा नदीच्या बुटक्या फरशी-पुलावर उतरली आणि मागचा सगळा हौदा खाली बसला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा असा आवाज झाला की गाडी मोडलीच म्हणून मी डोळे मिटले. गाडी एका अंगाला झुकली ती पटकन सावरेना. मी पेट्यांना मिठी मारून बसले होते. चाचा मागं धावत आले, माझ्या कपाळाचं टेंगूळ बघून म्हणाले, "चुकलं ताई. माजंच चुकलं. नुसतं काढून भागायचं न्हाई."

मालकांनी विचारलं, "मग आता?"

"आता नवीन. पण तू पण हातभार लाव. भाता मारायला माज्याकडं माणूस न्हाई."

वन्संनी निरोप पाठवला की बाग अजून आठवडा धरेल, पाणी तोडते. तो आठवडा आम्ही चाचांकडंच काढला. मी त्यांच्या घरात चाचींबरोबर भाकऱ्या थापायची, आणि सवड मिळाली की शेडच्या दारात येऊन उभी राहायची. तोवर मला लोखंड म्हणजे नांगराचा फाळ, विळा, कढई एवढंच ठाऊक होतं. टणक, थंड, न वाकणारं.

चाचांनी भंगारातनं एका जुन्या बसचे पाटे निवडून काढले. लांब, पातळ, गंजलेले. एकेक पाटा भट्टीत गेला. मालक भाता मारायचे, घामानं निथळायचे. पाटा आधी काळाच राहायचा, मग कडेनं जांभळट व्हायचा, मग हळूहळू आतूनच उजेड लागल्यासारखा लाल. त्या दिवसांत आमच्याकडच्या माळावर पळस फुलले होते. त्याच रंगावर आल्यावर चाचा सांडशीनं पाटा बाहेर ओढायचे आणि ऐरणीवर घेऊन त्याला वाक द्यायचे. जोर करायचे नाहीत. हातोडा टेकवल्यासारखा पडायचा आणि पोलाद पिठाच्या गोळ्यासारखं ऐकायचं. मग तेलाच्या टाकीत बुडवायचे. आग भडकायची, धुराचा लोट उठायचा, आणि बाहेर निघालेला पाटा इतका कडक असायचा की खाली पडला तर काचेसारखा फुटेल, असं ते म्हणाले.

मी विचारलं, "मग मऊ कसा व्हायचा?"

"पुन्हा तापवायचा. थोडाच. मग तेच्यात दोन्ही राहतंय. वाकतंय पण, आणि परत जाग्यावर येतंय पण."

संध्याकाळी त्यांनी गार झालेला एक पाटा दोन दगडांवर आडवा ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, वर हुबी राहा." मी पदर खोचला आणि चढले. पाटा माझ्या वजनानं खाली गेला. मी उतरले तसा तो सावकाश वर आला आणि होता तसा झाला. मी पुन्हा चढले. पुन्हा उतरले. चाची दारातनं बघत होत्या, त्या हसायला लागल्या आणि मग स्वतःही चढल्या. एवढी वर्षं चाचांच्या भट्टीशेजारी राहून त्यांनीही पाट्यावर कधी पाय ठेवला नव्हता. लोखंडाला आठवण असते की काय, असं मला त्या वेळी वाटलं. आपण कसे होतो ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

नव्या कमानीत लांब, पातळ पाटे वर, मध्ये ग्रीस. सगळ्यांत खाली एक जाड पाटा, तो एरवी मोकळाच राहणार. फरशीसारख्या जागी गाडी दबली तरच भार घेणार. ही कल्पना मालकांची. उसाच्या ट्रकला जादा वजनासाठी चाचा असाच एक पाटा वर टाकायचे, त्यावरनं त्यांना सुचली. झोक खाऊ नये म्हणून भंगारातल्या एका मोटारीचे शॉकअप बसवले. शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी. ती गाडीला वर-खाली नाचत राहू देत नाही.

बाग तोडली. आम्ही भल्या पहाटे निघालो. मी पुन्हा मागं, पेट्यांच्या मधल्या फटीत घोंगडं टाकून. कमटीला घड टांगला होता. ठरवलं होतं की पुण्यापर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही. खडीचा रस्ता सुरू झाल्याचं मला चाकांच्या आवाजावरनं कळलं, अंगाला कळलं नाही. घड लांब, सावकाश हेलकावे घेत होता. मणी गप्प होते. सातारा मागं पडला तेव्हा ऊन वर आलं होतं.

त्यानंतरचं आठवत नाही, कारण मला झोप लागली. आठवडाभराचा शीण होता. जागी झाले तेव्हा वाटलं, गाडी कुठंतरी सावलीला उभी आहे. मी मालकांना हाक मारायला ताडपत्री बाजूला केली, तर झाडं मागं पळत होती. खंडाळा जवळ आलं होतं. सगळा खंबाटकीचा घाट, त्याची वळणं, चढ, मी झोपेत पार केला होता. मी ताडपत्री धरून तशीच बसले. माझ्या खाली खड्ड्याखळग्यांचा रस्ता होता आणि तो माझ्यापर्यंत पोचत नव्हता. मध्ये कुणीतरी तो अलगद झेलून धरला होता. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते समजेना.

मंडईत तोच अडत्या. त्यानं घड उचलला आणि बघतच राहिला. पूर्ण घड, हिरवट पिवळा, वर बागेतली धूळ अजून तशीच. त्यानं दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. म्हणाला, "इथंच कुठं जवळ बाग आहे का तुमची?"

मालक म्हणाले, "तासगाव."

त्यानं विश्वास ठेवला नाही, पण माल सगळा घेतला.

वन्संना सांगितलं तेव्हा त्या बागेत होत्या. "एक बी मणी न्हाई पडला?" त्यांनी दोनदा विचारलं. मग रिकाम्या मांडवाखाली जाऊन एकेका वेलाच्या खोडावर हात ठेवत शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेल्या. आम्ही त्यांच्या मागं गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही वन्संनी राखून ठेवलेली पाटीभर द्राक्षं घेऊन चाचांकडं गेलो. मी झोपले होते हे ऐकल्यावर ते एकदम गंभीर झाले. "झोपलीस? घाटात?"

"व्हय चाचा."

त्यांनी हातातलं काम ठेवलं. हात धुतले. म्हणाले, "मी जल्मभर कमानी केल्या. पण ज्या गाडीला केल्या तिच्या मागं कवा बसलो न्हाई. माल बसतो तिथं."

मालकांनी मागची फळी पाडली. चाचा चढले, चाचींना हात दिला, मीही चढले. मालकांनी गाडी कृष्णेच्या पुलाकडं घेतली. चाचा आधी बसले, मग हौद्याच्या फळ्यांवर चक्क उताणे झोपले, डोक्याखाली हात घेऊन. ताडपत्री नव्हती, वर नुसतं आभाळ. चाची त्यांच्याकडं बघत एकेक मणी खात होत्या. पूल आला तसा मालकांनी वेग कमी केला आणि मागं वळून विचारलं, "फिरवू का माघारी?"

चाचांनी डोळे उघडले नाहीत. "जरा पुढं जाऊ दे," ते म्हणाले. "खराब रस्ता असंल तिकडं घे."