एका हाकेला ओ

चौक गावात जुन्या हायवेला लागून अबूबकरचं पंक्चरचं दुकान होतं. तेव्हापासून त्याचा मुलगा आदिल घाबरट म्हणून ओळखला जाई. खरं तर जॅकवर उचललेल्या ट्रकखाली तो बेधडक शिरायचा, दुकानात निघालेलं जनावर काठीने उचलून रस्त्यापलीकडे टाकायचा. पण पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवलेले जुने टायर सरळ करायला त्याला कुणी कधी शिडीवर चढवू शकलं नाही. पुढे त्याचं लग्न झालं, घर झालं, घरावर स्लॅब पडला. बायको हाजरा वर वाळवण घालायची आणि आदिल जिन्याच्या वरच्या पायरीशी थांबून तिच्याशी बोलायचा. "या की दोन पावलं, मी काही ढकलत नाही," असं ती रोज म्हणायची आणि तो रोज हसून खाली यायचा.

उंचावर गेलं की खालची जमीन आपल्याला हळूच बोलावते असं त्याला वाटे. पडण्याचं त्याला एवढं भय नव्हतं. आपण तिला हो म्हणू, याचं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतं.

पोटासाठी त्याने टेंपो घेतला. बोरघाटात तो एक डोळा कायम कातळावर ठेवून गाडी हाकायचा. इर्शाळगडाच्या उतारावरची वाडी दरडीखाली गेली तेव्हा चौकातली माणसं पावसात वर धावली. आदिलने ब्लँकेटं आणि पाण्याचे बॉक्स टेंपोत भरून वाट सुरू होते तिथवर नेले, पुन्हा पुन्हा नेले, आणि दर खेपेला माल उतरवून तो स्टिअरिंग धरून गाडीतच बसून राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून मात्र तो डोंगराकडे पाठ करूनच गाडी लावायचा.

आणि त्याची मुलगी फराह नेमकी डोंगरवेडी निघाली. कर्जतच्या कॉलेजात जाता जाता ती ट्रेकवाल्यांच्या एका ग्रुपात शिरली, दोर बांधायला शिकली, रविवारी मुंबईची माणसं डोंगरावर नेऊ लागली. आदिलने एकच अट घातली, की गाडी आपली असेल. निदान आपण खाली उभे असू, एवढाच त्यातला हिशेब.

भिवपुरीच्या वीजघरामागे सह्याद्रीच्या मोठ्या भिंतीपासून सुटून पुढे आलेला एक डोंगर आहे. वाडीतले लोक त्याला नाकाड्या म्हणतात. ढाकला, पेठच्या किल्ल्याला जाणारी गर्दी इकडे फिरकत नाही. पायथ्याच्या वाडीतून एक उभी दगडी नळी, कड्यातली अरुंद घळ, चढते ती माथ्यावरच्या सुळक्याच्या, नाकाडाच्या मुळाशी, खिंडीत. तिथून वर दोर लावून सुळका चढायचा. खिंडीतून दुसरीकडे एक लांब धार निघते. तिच्यावरून गुरांची वाट वळसा घेऊन परत वाडीत उतरते. फराहने एकदा जेवताना सांगितलं होतं, की हे सगळे डोंगर एके काळी आगीचा पातळ रस होते. थरावर थर सांडत गेले. नाकाड म्हणजे भेगेत शिरून थिजलेला रस, भोवतीचं सगळं झिजून गेलं आणि तो उभा राहिला. हाजराने भात वाढता वाढता विचारलं, आता थिजलाय ना नक्की? फराह हसली. आदिलला त्या रात्री झोप आली नाही. जे एकदा वाहिलं, ते आता स्थिर आहे म्हणून त्यावर पोरीने पाय ठेवायचा, हे त्याला कुठेतरी पटत नव्हतं.

भाद्रपदातला तो रविवार उघडिपीचा होता. टेंपो वाडीत लागला. वाट दाखवणारा सदू ओट्यावर तयार बसला होता. त्याची बायको बायजा सगळ्यांना चहा देत होती. तिने नेहमीसारखं नव्या पोरांना बजावलं, "वर तुमाला कुणी एक हाक मारली ना, तर ओ द्यायची नाय. माणूस असंल तर दुसरी मारंल, तिसरी मारंल. ते एकदाच मारतं."

ते म्हणजे कोण, असं मुंबईच्या एका पोराने विचारलं. बायजा कपात चहा ओतत राहिली. "ते," ती म्हणाली. "वळखीच्या माणसाचा आवाज काढतं. आवाजाच्या मागं गेलं की पायाखाली काय नाय."

पोरं हसली. फराह हसली नाही, हे आदिलने पाहिलं. गेली दोन वर्षं ती या वाडीत येत होती, इथलं तांदळाचं आंबील पीत होती, इथलं बोलणं तिच्या तोंडात बसलं होतं. वातावरण हलकं करायला आदिल म्हणाला, की ते भेटलं तर माझ्याकडे पाठवा, टेंपोत घालून चौकाला सोडतो.

"तुमी वर जायचं नाय नि ते खाली यायचं नाय," बायजा म्हणाली. "तुमाला कशाला बोलवंल?"

या वेळी फराहही हसली. मग सगळे नळीकडे निघाले.

दुपार कलली तेव्हा माणसं उतरली. सगळ्यांच्या शेवटी सदू आला. त्याच्या पाठीवर पाय मुरगळलेली एक मुलगी होती. आदिलने त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. फराह सुळक्यावरचा दोर सोडवायला थांबली आहे, येईल पाठोपाठ, तिला वाट तोंडपाठ आहे, असं सदूने दम खात सांगितलं. मुलीला पाठीवर घेऊन नळीत थांबता येत नव्हतं. आदिलने मान हलवली. त्याने वर पाहिलं तेव्हा नाकाड तिथे होतं. पुन्हा पाहिलं तेव्हा नव्हतं. ढग नळीत उतरत होता, कुणी घरावर गोधडी ओढावी तसा.

ती आली नाही. फोन वर लागतच नसे. पोरं आधी मोठ्याने बोलत होती, मग हळू बोलू लागली. बायजाने दुसऱ्यांदा केलेला चहा तसाच निवला. सदूने डोक्याला फडकं गुंडाळलं. नळीने मी जातो, तो म्हणाला, पण ढगात नळीचं तोंड चुकून फराह धारेला लागली असेल तर आमची चुकामूक व्हायची. धारेनेही कुणीतरी जायला हवं. वाडीतले बाप्ये पलीकडच्या गावात मयतीला गेले होते. ट्रेकवाल्यांतली दोन पोरं उठली, तर सदूने त्यांना बसवलं. ढगात तुम्ही हरवलात तर तुम्हाला कुणी हुडकायचं?

"मी जातो," कुणीतरी म्हणालं. आदिलला जरा वेळाने कळलं, की तो आवाज आपला होता.

सदूने आपली काठी त्याला दिली.

"गुरांची वाट हाय, आदिलभाय. सोडायची नाय. एका जागी चिंचोळी होते, तिथं खाली बघू नका. आन बघितलं तरी ढगच हाय."

कारवीतून वाट चढत होती तोवर आदिलला जमलं. झुडपं दोन्ही अंगांनी अंगाला लागत होती, आणि त्यांना धरता येत होतं. ओल्या शेणाचा वास येत होता. शेण आहे म्हणजे गुरं गेली आहेत, गुरं गेली आहेत म्हणजे जमीन आहे, असं तो स्वतःशी पुटपुटत होता. मग कारवी संपली. सोनकीची पिवळी फुलं आली. त्यांच्यापुढे कातळ, आणि कातळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं.

धार.

खोली दिसत असती तर तिला एक तळ असता. आता तळ नव्हता. उजवीकडून खालून गार वारा येत होता, कुणी तोंड उघडं ठेवून झोपावं तसा. आदिल गुडघ्यांवर आला. मग पोटावर. मग घोड्यावर बसावं तसा कातळावर दोन्ही पाय सोडून बसला आणि बुडाने पुढे सरकू लागला. काठी त्याच्या हातून सुटली. ती घरंगळली, एकदा वाजली, आणि मग वाजलीच नाही. तो त्या न आलेल्या आवाजाची वाट पाहत राहिला. जमीन बोलावू लागली. नेहमीसारखं, हळू, ओळखीच्या स्वरात.

त्याने डोळे मिटले आणि हाक मारली.

"फराह..."

आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन फुटला आणि तुकडे होऊन परत आला. मग काही नाही. ढगातून पाणी ठिबकत होतं, तेवढं.

दुसरी हाक मारायला त्याचं तोंड उघडेना. दुसरी हाक मारायची म्हणजे पहिलीला ओ आली नाही हे मान्य करायचं. त्याला हाजरा दिसली, स्लॅबवर उभी, पदर सावरत, हायवेकडे टेंपोची वाट बघणारी. तिला काय सांगायचं? मी एकदा हाक मारली आणि परत आलो? इर्शाळच्या पायथ्याशी गाडीत बसून ऐकलेला तो पाऊस पुन्हा त्याच्या कानात सुरू झाला. त्या वाडीतल्या लोकांना कुणी किती हाका मारल्या असतील?

आणि तेव्हा त्याला बायजा आठवली.

"फराह," तो म्हणाला. "फराह."

मग समोरून, टेंपोच्या लांबीइतक्या अंतरावरून, आवाज आला. अगदी बारीक, पण तिचाच.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"तुझा बाप."

कातळाला घासून कपडा मागे सरकल्याचा आवाज. ती लांब जात होती.

"माझे अब्बा डोंगर चढत नाहीत," ती म्हणाली. "कधीच नाही चढले."

आदिलला रडू आलं की हसू, ते त्याचं त्याला कळलं नाही. पन्नास वर्षांची भीती समोर भिंतीसारखी उभी होती, आणि तिच्या पलीकडे त्याची पोर त्याच्याच आवाजाला भिऊन मागे सरकत होती. मागे काय होतं कुणास ठाऊक. कातळ कुठवर होता कुणास ठाऊक. आता ओरडलं तर ती आणखी सरकेल. त्याला सिद्ध करायला दुसरं काही सुचेना, म्हणून जे खरं होतं तेच तो बोलू लागला, हळूहळू, धाप टाकत. की सरकू नकोस. की मी आलो, चूक झाली. दोन्ही पाय दोन बाजूंना सोडून बसलोय आणि आता ना पुढे जाता येतंय ना मागे. सदूची काठी खाली गेली. पँट ओली झाली आहे, आणि ती फक्त ढगाने नाही. खाली कुणीतरी बोलावतंय, लहानपणापासून बोलावतं, शिडीवर चढलो तरी बोलावतं, म्हणून तुझ्या अम्मीशी जिन्यातून बोलतो. हे मी तिलाही सांगितलेलं नाही.

"फराह, मला फार भीती वाटते आहे," तो म्हणाला. "तू ये."

ढगात काहीतरी हललं. आधी दोराचं वेटोळं दिसलं, मग ते खांद्यावर घेतलेली ती, रांगत येणारी, केस चेहऱ्याला चिकटलेले. हाताच्या अंतरावर ती थांबली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या पायांकडे बघितलं.

"भूत एवढं घाबरत नाही," ती म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडली. दोघे तसेच बसून राहिले, कारण उठणं कुणालाच जमत नव्हतं.

खिंडीत ढग एवढा दाटला की नळीचं तोंडच सापडलं नाही, असं ती सांगू लागली. ती धारेवर आली, वाट दिसेना झाली तशी सदूने शिकवल्याप्रमाणे एका दगडाला पाठ लावून बसली.

"माझी हाक ऐकली नाहीस?"

"पहिलीच ऐकली."

"मग?"

"तुमचाच आवाज होता," ती म्हणाली. "म्हणून तर."

तिने दोराचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली, दुसरं टोक स्वतःला बांधलं. मग त्याला वळवायला किती वेळ गेला ते सांगण्यात अर्थ नाही. ती त्याला ओलांडून पुढे गेली, कातळ चाचपत. त्याने सांगितलं, की नजरेआड होऊ नकोस. पण तीन पावलांत ती नाहीशी झाली. त्याच्या पोटापासून निघालेला दोर पांढऱ्यात शिरत होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे दिसत नव्हतं. जमीन अजून बोलावत होती. ती थांबली नव्हती, ती कधी थांबणारही नव्हती. दोर ताणला गेला.

"अब्बा," पुढून आवाज आला.

तिचा वाटत होता. त्याने थांबायला हवं होतं. बायजाने थांबायला सांगितलं होतं.

"ओ," आदिल म्हणाला, आणि दुसऱ्या हाकेआधीच बुडाने पुढे सरकला.