जावयाच्या गाडीत घातलेलं तेल

माझी मोटारसायकल म्हातारी झाली आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. तिच्यावर रोज मी बसतो, सांगणारे बसत नाहीत. मीटर कधीच बंद पडलाय, टाकीचा रंग कुठला होता ते आता मलाच आठवावं लागतं. पण ती मला रोज चऱ्होलीतून महाळुंग्याला नेते आणि परत आणते. ज्याने चाकणच्या चौकात कंटेनरच्या चाकाला गुडघा घासत गाडी काढली आहे, त्याला यातलं मोठेपण कळेल. बाकीच्यांनी उगाच शहाणपण शिकवू नये.

मी मूळचा लातूरकडचा. इकडे आलो तो नोकरीसाठी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीत. पहिल्या पगारांतून ही मोटारसायकल घेतली. मग लग्न झालं. बायको चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातली. त्यांच्या वावरात आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि सासऱ्यांचं आळंदी रस्त्यावर प्लॉटिंगचं ऑफिस आहे. लग्नानंतर आम्ही भोसरीत भाड्याने राहत होतो. मुलीच्या वेळी बायको बाळंतपणाला माहेरी आली. सव्वा महिना झाला, मी न्यायला गेलो, तर सासरे म्हणाले, "पाव्हणं, पोरीची हाडं अजून ओली हायेत. ऱ्हावा की थोडं दिस. वरचा मजला मोकळाच हाय." आम्ही राहिलो. ती मुलगी आता शाळेत पाढे म्हणते.

मी घरजावई झालो हे मला फार उशिरा कळलं, कारण तसं कोणी कधी म्हणालंच नाही. कोणी टोमणा मारला नाही, कोणी पाणउतारा केला नाही. उलट मान एवढा, की त्या मानाखाली मान वर करता येईना. दळण आयतं यायचं, दूध आयतं यायचं. मी पाण्याचा ग्लास उचलायला वाकलो तर तिघं धावायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे ग्रहाला दोरीने बांधून, हळदकुंकू लावून वरच्या मजल्यावर ठेवलं होतं.

सासऱ्यांची एकच इच्छा होती. मी नोकरी सोडावी आणि त्यांच्या ऑफिसात बसावं. "सायबाच्या शिव्या खात त्या धुरात कशाला जाताय? हितं खुर्ची हाय, पंखा हाय, च्या हाय." एकदा जेवताना त्यांनी फारच लावून धरलं, तेव्हा सुटका करून घ्यायला मी हसत म्हणालो, "मामा, गाडी चालतेय तोवर नोकरी करतो. गाडी बंद पडली की येतोच ऑफिसला."

मी गंमत केली होती. त्यांनी शब्द म्हणून घेतला. गावची जुनी माणसं, शब्द म्हणजे शब्द. "ठरलं मग," म्हणाले, आणि भाताचा घास घेतला.

तेव्हापासून अख्ख्या घराचं लक्ष माझ्या मोटारसायकलकडे. सकाळी किक मारली की खालच्या ओट्यावरून सासऱ्यांचा कान इकडे. पहिल्या किकला गाडी लागली नाही तर मला घाम फुटायचा. ती गाडी गेली तर माझी नोकरी जाणार होती, आणि नोकरी गेली की माझं म्हणण्यासारखं त्या घरात काही उरणार नव्हतं. हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. तिच्याच बापाबद्दल तिच्याकडे काय रडायचं?

म्हणून मी गाडीला जपायला लागलो. इंजिन टकटक करायचं, जाममध्ये तापायचं. कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर विचारलं, की जुन्या गाडीला सिंथेटिक तेल घालावं का. चुकलंच माझं. तिथे प्रत्येक जण तेलातला डॉक्टर. एक म्हणाला, "अहो राव, म्हाताऱ्याला बदामाचा शिरा पचतो का?" दुसरा म्हणाला, त्याने घातलं आणि गाडी पोरीसारखी पळाली. तिसरा म्हणाला, जुन्या इंजिनातली काजळीच गळती अडवून बसलेली असते, चांगलं तेल ती धुऊन काढतं आणि मग गाडी गळायला लागते. ऐकून ऐकून शेवटी मी ठरवलं, की मोटारसायकलचं म्हणून येतं ते सिंथेटिक आणायचं आणि एकदा घालून बघायचं. हे मी घरी जेवताना बोललो. बोलायला नको होतं. त्या घरात माझ्या तोंडून इच्छा निघायची खोटी, की ती पुरी व्हायचीच.

खंडेनवमी आली. आमच्या सासरी त्या दिवशी कोयते-खुरपी पाटावर मांडतात आणि घरच्या सगळ्या गाड्या धुऊन, तेल बदलून, झेंडूच्या माळा घालून दारात ओळीने लावतात. रीत अशी, की पहिली गाडी जावयाची. तिला सासूबाई ओवाळतात, जावयाने तिला किक मारायची, आणि मग तिच्यामागून बाकीच्या गाड्या गावातल्या देवळाला फेरी घालतात. म्हणजे पुढे माझं खटारं आणि मागे मेहुण्याची ती खोलीएवढी काळी गाडी, सासऱ्यांची पांढरी, दोन ट्रॅक्टर. रस्त्यावरचे लोक बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या सकाळी मी अंघोळ करून खाली आलो, तर माझी गाडी चकाचक उभी, आणि मेहुणा हाताला तेल माखून हसतोय.

"दाजी, तुमच्या गाडीत बी तेल बदललं बरं का. सिंथेटिक. तुमीच म्हणाला व्हता ना? माझ्या गाडीला टाकतो तेच, लय भारीतलं."

मी त्याच्या पायाशी पडलेला डबा बघितला. डब्यावर मोटारीचं चित्र होतं. म्हणजे हे माझ्या गाडीचं तेलच नव्हतं. सांगतो का ते. मोटारीचा क्लच वेगळा, कोरडा राहतो. मोटारसायकलच्या क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात. काही मोटारीच्या तेलात जास्तीचा गुळगुळीतपणा घातलेला असतो, इंधन वाचावं म्हणून. ते इथे घातलं तर प्लेटा एकमेकींना धरायच्या सोडून घसरायला लागतात. त्यात माझ्या प्लेटा आधीच झिजलेल्या. हे मला कळत होतं, आणि "अरे, हे काढ" एवढंच म्हणायचं होतं.

पण सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्या. तेलाच्या टोपणावरसुद्धा कुंकवाचं बोट लावलेलं होतं. मेहुणा पहाटेपासून माझ्यासाठी राबला होता आणि शाबासकीची वाट बघत होता. पूजेचं तेल, जावयाच्या गाडीत मेहुण्याने हौसेने घातलेलं. ते काढ म्हणणं म्हणजे ताटावरून उठण्यासारखंच. मी म्हणालो, "लय भारी केलंस."

किक मारली. गाडी लागली. आणि खोटं कशाला बोलू, आवाज लोण्यासारखा झाला होता. सासरे मान हलवून म्हणाले, "आता ही काय लवकर मरत न्हाई." त्यांचा चेहरा थोडा पडला होता.

पुढचे काही दिवस मी स्वतःची समजूत घातली, की कदाचित काही होणार नाही. मग पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचा डाग दिसायला लागला. टपरीवरचा तिसरा खरा ठरला होता, काजळी सुटली होती. मी सगळे उठायच्या आत फडक्याने डाग पुसून काढायचो. एके सकाळी सासरे ओट्यावर माझ्याआधीच बसलेले. डागाकडे बघत त्यांनी विचारलं, "पाव्हणं, गाडी रडती का काय?" मी म्हणालो, "नाही मामा, धुतली होती." मेहुणा लगेच म्हणाला, पुढच्या वेळी अजून भारीतलं आणतो.

तुम्ही म्हणाल, गुपचूप गॅरेजला जाऊन तेल काढून का नाही टाकलं? या पट्ट्यात गुपचूप काही करून दाखवा. चऱ्होलीचा गॅरेजवाला सासऱ्यांचा भाचा. मोशीचा मेहुण्याचा मित्र. महाळुंग्याला कंपनीशेजारी एक आहे, तर त्याच्या जागेचा व्यवहार सासऱ्यांनीच करून दिलेला. मी तेल काढलं असतं तर चहा पिऊन होईपर्यंत घरी कळलं असतं, आणि मेहुण्याचं तोंड मला बघवलं नसतं. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. तो मला जीव लावायचा, तिथेच सगळं अडत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

मग क्लच घसरायला लागला. आधी चढाला, मग सपाटीला. एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या अलीकडे मोठा जाम लागला. डावीकडे कंटेनर, उजवीकडे टँकर, मागे कंपन्यांच्या बसगाड्या. पुढची गाडी हलली, मी गिअर टाकून क्लच सोडला, आणि इंजिन नुसतंच बोंबललं. गाडी जागची हलेना. मागून हॉर्नचा कल्लोळ. कंटेनरचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "साहब, नीचे उतर के खींचो, जल्दी पहुँचोगे." मी उतरलो. रडू येत होतं, ते हेल्मेटच्या आत येऊ दिलं. तिथे उभा राहून मला एवढंच वाटत होतं, की आता संपलं, उद्यापासून खुर्ची, पंखा आणि चहा.

ढकलत ढकलत गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन केला. मेहुण्याला केला असता तर तो क्रेन घेऊन आला असता. ती स्कूटर घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं; तेल, डबा, कुंकवाचं बोट, तिच्या वडलांना दिलेल्या शब्दाची धास्ती. ती पदर कमरेला खोचून गाडीकडे बघत ऐकत होती.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "तेल काढून टाकू."

"घरी कळेल. तुझ्या माणसांना वाईट वाटेल. तुला काय, तू तुझ्या घरी आहेस. अडकलोय मी."

ती माझ्याकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "पंचक्रोशीतली सगळी स्थळं नको म्हणून मी लातूरचा नोकरीवाला केला. का, ते कधी विचारलंत? मला त्या गावातून निघायचं होतं. मी बाळंतपणाला आले होते हो माहेरी. ते अजून संपलंच नाही."

 इतकी वर्षं एका खोलीत झोपून मला हे ठाऊक नव्हतं. मी स्वतःचीच कीव करत बसलो होतो.

तिने स्कूटर चालू केली, मला गाडीवर बसायला सांगितलं आणि माझ्या मागच्या फूटरेस्टला पाय लावला. आपल्याकडे बंद गाडी अशीच नेतात, पण साडी नेसून नेताना मी कोणाला बघितलं नव्हतं. लोक बघत होते. तिने मला तसंच ढकलत तळवड्यापर्यंत नेलं, जिथे तिच्या घरच्यांना ओळखणारा गॅरेजवाला नव्हता. तेल काढलं. प्लेटा बदलायला सांगितल्या. मोटारसायकलचं तेल घालायला सांगितलं. गाडी तिथे ठेवून आम्ही स्कूटरवर परत निघालो. वाटेत ती म्हणाली, "इथेच कुठेतरी खोली बघू." मी हो म्हणालो.

जेवायला बसलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलंच, "पाव्हणं, गाडी दिसत न्हाई?"

मी तोंडातला घास गिळतोय तोवर बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "दुरुस्तीला टाकलीय. आबा, आम्ही तळवड्याला राहायला जावं म्हणतोय."

सासऱ्यांचा हात थांबला. सासूबाई चुलीपासून वळल्या.  मग ते म्हणाले, "का गं? काय कमी पडलं हितं?"

कमी तर काहीच पडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून म्हातारा विरघळला. "बरं बरं, रडतीस कशाला? जावा की तळवड्याला. पण भाड्याच्या खुराड्यात न्हाई. तिथं आपली बिल्डिंग उठतीय, दोन फ्लॅट आपल्या वाट्याचं हायेत. एक तुमचा, अन् एकात आमी येऊन जाऊन राहू."

"आबा, नको," ती म्हणाली.

"नको म्हंजे?" त्यांना खरंच कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती माया होती. "पाव्हणं, तुमी सांगा हिला. तुमचं काय म्हणणं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको बघत नव्हती. ती परातीत हात घालून तशीच बसली होती. मी फ्लॅटबद्दल बोलायला तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच.

"मामा, ते तेल मोटारसायकलचं नव्हतं. मला त्याच दिवशी माहीत होतं."

मेहुण्याचा घास हातातच राहिला. त्याचं तोंड असं उतरलं, की मला वाटलं आता शब्द परत घ्यावा. पण बायकोने मान वर केली होती.

"आणि फ्लॅट नको," मी म्हणालो.