उजव्या कोपऱ्यातली जागा

आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात माझ्याएवढं धिप्पाड पोरगं दुसरं नव्हतं. काळ्या मातीवरच्या कबड्डीत मला उजव्या कोपऱ्यात उभं करायचे. शेजारी माझा दोस्त असायचा, आर्णीतल्या एका मेकॅनिकचा मुलगा. चढाई करणारा आत शिरला की मी घोटा धरायचो आणि दोस्त वरून झेप घालायचा. घाटंजी, बोरी अरब, जिथं स्पर्धा असेल तिथं त्याच्या गाडीवर जायचो. खरं सांगायचं तर खेळाची समज त्याला जास्त होती. माझ्याकडे वजन होतं.

पुण्याच्या एका क्लबनं निवड चाचणीला दोघांनाही बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या वडिलांना लकवा मारला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता.

"तू जाय," तो म्हणाला. "मी पुढच्या साली येतो."

"मंग दोघंबी पुढच्या सालीच जाऊ."

"येडा झाला का? पुढच्या साली कोण बोलावते आपल्याले?"

जे माझ्याबाबतीत त्याला कळत होतं, ते स्वतःबाबतीतही कळत असणारच. मी गेलो. तो वडिलांच्या गॅरेजात बसला, तो कायमचाच.

पुण्यात मी मॅटवर खेळायला शिकलो. काही वर्षांनी टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमधल्या एका संघानं मला घेतलं. तांड्यात गुलाल उधळला गेला. पण माझ्या जागेवर एक इराणी खेळाडू होता आणि मी राखीव. हंगामभर ट्रॅकसूट घालून बाकावर बसलो. याडी, म्हणजे माझी आई, सामना झाला की फोन करायची.

"आज दिसला तू. पाणी पीत होता."

"खेळतानाबी दिसीन, याडी."

"दिसशीन."

हंगाम संपत आला तेव्हा त्या इराण्याचा खांदा दुखावला आणि मला उतरवलं. पहिल्याच चढाईत माझा हात बरोबर घोट्यावर बसला, गडी बाद झाला. थोड्या वेळानं पुन्हा तसाच खाली वाकलो. शेजारचा खेळाडू मदतीला धावला आणि त्याचं सगळं वजन माझ्याच गुडघ्यावर आलं. चूक कुणाची नव्हती. आम्ही दोघं कधी जोडीनं खेळलोच नव्हतो. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात कुणाचा फोन आला नाही. आता यवतमाळला एका शाळेत खेळ शिकवतो. मांडी घालून जेवायला बसता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात दोस्त घरी आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "तुही ती पकड मी अजूनबी लोकायले मोबाइलवर दाखवतो."

"बाजूले तू असता तं..." मी बोलून गेलो.

त्यानं कप बशीत ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "तसं बोलत नोको जाऊ. मले मंग झोप येत नाही."

तेव्हापासून आम्ही कबड्डीचा विषय काढत नाही. तो येतो, पराटीचं, म्हणजे कपाशीचं बोलतो, पोरीच्या शाळेचं सांगतो. चहा संपला की गाडीला किक मारून आर्णीला निघून जातो.